फाटकाजवळची जागा

मोटारीची काच खाली करून त्याने विचारलं, “वहिनी, एक गाडी लावायला जागा होईल का?” आणि मी उत्तर द्यायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

माणूस पन्नाशी ओलांडलेला. केस मागे हटलेले, हनुवटीखाली मांस सुटलेलं. पण बोलताना डावी भुवई वर चढायची, ती तशीच. तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी नाव विचारलं.

“फणसे. अविनाश फणसे. मागे नवीन इमारती झाल्यात ना, तिथे राहायला आलोय. पण रोज एका गाडीपायी दुसरी गाडी चुकते.”

स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. मला हसू आलं नाही, पण मी ते आणलं.

बदलापूर स्टेशनला लागून गाड्या लावायचा जो तळ होता, तो त्या वर्षी नव्या पुलाच्या कामासाठी पत्रे ठोकून बंद केलेला होता. तेव्हापासून आमच्या गल्लीची दैना झाली होती. माणसं लोकलची वेळ साधून घरातून निघत आणि स्टेशनाशी येऊन गोल गोल फिरत. औषधाच्या दुकानापुढे गाडी लावावी तर दुकानदार अंगावर येई, रस्त्याकडेला लावावी तर टोइंगवाले उचलून नेत. आमचं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, आणि पुढे ऐसपैस अंगण. आधी ओळखीच्या चौबळांनी स्कूटर लावू का म्हणून विचारलं. त्यांच्यामागून दुसरे आले, तिसरे आले, आणि बघता बघता अंगणाचाच तळ झाला. स्कूटरी कुंपणाच्या भिंतीला लागून राहायच्या. मोटारींना जागा तीनच, दोन जांभळाखाली आणि एक फाटकाजवळ. फाटकाजवळची सगळ्यात सोयीची, आणि ती मी एका डॉक्टरीणबाईंना कबूल करून बसले होते.

“जागा नाही” एवढं म्हटलं असतं तर तो तसाच पुढे गेला असता. मी म्हटलं, “होईल की. ही फाटकाजवळचीच घ्या. रोजची तुमचीच.”

त्याने हात जोडले, गाडी लावली आणि बॅग छातीशी धरून स्टेशनाकडे पळत सुटला. माझं आडनाव त्याने विचारलं तेव्हा मी सासरचं सांगितलं होतं. तो दिसेनासा झाला तरी मी फाटकाला धरून उभी होते. सापडलास, असं मनात म्हणत होते.

आत ताई शिवणाच्या मशीनवर होती. कोण आलं होतं म्हणून तिने विचारलं. आणखी एक गाडीवाला, एवढंच मी सांगितलं.

प्रमिला, माझी मोठी बहीण, तेविशीची असताना तिचं लग्न या माणसाशी ठरलं होतं. तेव्हा आम्ही कल्याणला भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. साखरपुडा झाला. मग एका रविवारी तो ताईला घेऊन काळ्या तलावावर फिरायला गेला. सोबतीला म्हणून वडिलांनी मला पाठवलं. तिघांनी भेळ खाल्ली. त्याने काहीतरी विनोद केला, ताई हसली आणि तिला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, श्वास अडकला. मी पाठीवर थापट्या मारल्या, त्याने पळत जाऊन पाणी आणलं. झालं ते एवढंच.

लग्नाच्या थोडे दिवस आधी त्याचा काका घरी आला आणि उभ्या उभ्याच बोलला. म्हणाला, मुलीला फिट येतात हे तुम्ही लपवलंत. मुलाने तलावावर डोळ्यांदेखत पाहिलंय. तोंडाला फेस होता.

वडिलांनी शपथा घेतल्या. डॉक्टरचा दाखला आणला, तर म्हणाले, दाखले काय, मिळतात. मी तिथे होते हो, मी पाहिलंय, असं मी सांगायला गेले, तर कोणीतरी हसून म्हणालं, धाकटी बहीण दुसरं काय सांगणार. असलेला आजार दाखवता येतो. नसलेला कसा दाखवायचा? पुढे कळलं की त्याच महिन्यात फणशाचं त्याच्या साहेबाच्या मुलीशी जमलं होतं. ठरलेलं लग्न स्वतःहून मोडलं असतं तर नाव खराब झालं असतं. म्हणून त्याने ताईचं केलं.

त्यानंतर ताईला स्थळ आलं नाही असं नाही. यायचं, पोहे खायचं, आणि कल्याणात कोणाकडे तरी चौकशी करून गप्प व्हायचं. ताई बालवाडीत शिकवायची. पालकांनी कुरकुर केली की मुलांसमोर काही झालं तर, आणि ती नोकरी गेली. वडिलांनी कल्याण सोडून बदलापुरात ही जागा घेतली, पण अफवेला रेल्वेचा पास लागत नाही. आमच्यामागून ती इथेही आली. लोक वाईट वागत नसत. उलट फार जपून वागत. ताई विहिरीशी गेली की कोणीतरी मुद्दाम शेजारी येऊन उभं राही, ती गॅसपाशी गेली की कोणीतरी म्हणे, तुम्ही बसा हो. त्या जपण्यानेच ती घरात गेली आणि दाराला पडदा लागला.

माझ्याही वाट्याला त्यातलं आलंच. घराण्यातच असेल म्हणून लोक मलाही नको म्हणत. शेवटी मुरबाडच्या एका बिजवराला मला दिली. माणूस वाईट नव्हता. पण तो गेला तेव्हा मला रडू येईना, आणि ते का येईना हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी ताईकडे परत आले. आई-वडील तोवर गेले होते.

आणि आता तो माणूस रोज सकाळी आमच्या फाटकात येऊन मला नमस्कार करत होता.

मी लहानसहान गोष्टींपासून सुरुवात केली. त्याच्या गाडीपुढे स्कूटरी अशा लावायला सांगायची की संध्याकाळी त्यांचे मालक येईपर्यंत त्याला अडकून पडावं लागे. तो पायरीवर बसून राही. जांभळं पिकली तेव्हा काहीतरी निमित्त सांगून त्याची गाडी झाडाखाली लाववली. पांढरी गाडी संध्याकाळपर्यंत जांभळी झाली. त्याने फडकं काढून पुसली आणि वर मलाच म्हणाला, “तुमच्यामुळे आमची सोय होते वहिनी, नाहीतर कुठे फिरत बसलो असतो.” ते आभार मला सहन होत नसत. त्याने भांडावं, आवाज चढवावा, म्हणजे मलाही तोंड उघडता येईल, असं वाटे. पण तो भांडणारा नव्हताच. कधीच नव्हता. काकाला पाठवणारा होता.

बोलता बोलता मी त्याची सगळी माहिती काढली. बायकोचे गुडघे दुखत. एकच मुलगी, केतकी. इंजिनिअर झालेली, पुण्याची नोकरी सोडून घरी आलेली. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. ते ऐकल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही.

एका शनिवारी मी त्याच्या मागच्या चाकातली हवा सोडली. गाडी न्यायला नेमकी केतकीच आली. ऑफिसात ताप भरला म्हणून वडील स्टेशनावरून रिक्षाने परस्पर घरी गेले होते. तिने चाक पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि स्वतःच डिकीतून स्टेपनी काढून चाक बदलायला बसली. मी आतून बघत होते. इतक्यात पडदा सरला आणि ताई पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात गेली. कोणी परकं असताना ताई अंगणात गेलेली मी किती वर्षांनी पाहत होते. मुलीची बाही कशात तरी अडकून उसवली होती. ताईने तिला आत आणलं, माझा एक कुडता घालायला दिला आणि बाही मशीनवर शिवून दिली. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. जाताना पोरीने ताईला वाकून नमस्कार केला. मला ते बघवलं नाही. कोणाची मुलगी आहे हे ताईला सांगावं असं जिभेवर आलं, पण मी गिळलं. माझं काम व्हायच्या आधी ताईने मध्ये पडायला नको होतं.

आणि काम आपल्या पायांनी चालत आलं.

चौबळ दादरला एका छापखान्यात होते. साधा, देवभोळा माणूस. एका संध्याकाळी सगळे गेल्यावरही ते स्कूटरपाशी घुटमळत राहिले. त्यांच्या मुलासाठी फणशांकडून विचारणा झाली होती. पत्रिका जुळत होती, मुलांना एकमेकं पसंत होती. फक्त माणसांची माहिती नव्हती.

“शैलाताई, तुम्ही त्यांना रोज बघता,” ते म्हणाले. “माणसं कशी आहेत? मुलीबद्दल काही कानावर आलंय का? तुमचा शब्द आमच्यासाठी शेवटचा.”

इतकी वर्षं मी मनात काय काय रचलं होतं. भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारायची. त्याच्या ऑफिसात जाऊन सांगायचं. पण हे इतकं सोपं हातात येईल असं कधी वाटलं नव्हतं. फक्त एक वाक्य लागणार होतं, आणि ते त्यानेच आम्हाला शिकवलेलं होतं.

मी म्हटलं, “माणसं चांगलीच आहेत. मुलगीही शिकलेली, देखणी. फक्त तब्येतीचं तेवढं…”

“शैला.”

ताई दारात उभी होती. पडदा तिच्या हातात होता. ती पायऱ्या उतरून खाली आली आणि चौबळांना म्हणाली, “मुलीची तब्येत उत्तम आहे. मुलगी गुणाची आहे. बापाची चौकशी करायची असेल तर उद्या सकाळी थोडे लवकर या. वहिनींनाही घेऊन या.”

चौबळ माझ्याकडे, तिच्याकडे बघत, बरं म्हणून गेले. फाटक लावून मी वळले ती संतापानेच. मी ताईला विचारलं, तो कोण आहे तुला माहीत तरी आहे का.

“पहिल्या दिवसापासून,” ती म्हणाली. “तू त्याला फाटकाजवळची जागा दिलीस तेव्हा मी पडद्यामागे होते. आवाज विसरेन का मी?”

“मग गप्प का बसलीस?”

“तू काय करतेस ते बघत होते. जांभळं पाडलीस, हवा सोडलीस. मला वाटलं, करू दे. पण आज तू त्या पोरीची प्रमिला करायला निघालीस.”

मी म्हटलं, त्याने नाही केली? त्याला कळू दे ना कसं वाटतं ते.

ताई पायरीवर बसली. तिचा आवाज जराही चढला नाही. “पोर मला नको, शैला. मला तो पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी ताईने धुवट सुती साडी नेसली, केस विंचरले आणि चहा न घेताच बाहेर आली. चौबळ नवरा-बायको भिंतीपाशी अवघडून उभे होते. सकाळची गर्दी सुरू झालेली. कोणी स्कूटर लावत होतं, कोणी हेल्मेट अडकवत होतं. फणशाची गाडी वळली आणि फाटकात शिरली, तोच ताई त्याच्या जागेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. त्याला गाडी पुढे घेता येईना. मागे गल्लीत दुसरी मोटार येऊन थांबली, तिच्यामागे रिक्षा.

त्याने काच खाली केली. “बाई, जरा बाजूला होता का? लोकल आहे.”

“मला ओळखलंत का?” ताईने विचारलं.

तो म्हणाला, म्हणजे काय, वहिनींच्या बहीण ना तुम्ही. ती म्हणाली, “मी प्रमिला टिपणीस. कल्याणची.”

त्याची भुवई वर चढली आणि तिथेच राहिली. तोंडावरचा रंग उतरताना मी डोळे भरून बघितला, खोटं का बोलू. त्याने इंजिन बंद केलं, दार उघडून उतरला आणि हलक्या आवाजात म्हणाला की आपण आत बसून बोलू. त्याने चौबळांना तेव्हाच पाहिलं. पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, “प्लीज, आत बोलू.”

“नको,” ताई म्हणाली. “तुम्ही माझ्याबद्दल आत बसून बोलला नव्हता. हे चौबळ तुमच्या मुलीची चौकशी करायला आमच्याकडे आलेत. मी काय सांगू त्यांना? तुम्ही माझं जे सांगितलंत, तेच सांगू?”

अंगणातली माणसं थांबली होती. लोकलची वेळ झाली होती, पण कोणी हलेना. मागची मोटार हॉर्न वाजवत होती. फणशाने दोन्ही हात जोडले. काहीतरी पुटपुटला, आईचा हट्ट होता, मी लहान होतो, काकांनी परस्पर केलं.

“काका म्हणाले, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. म्हणून विचारते. काळ्या तलावावर मला फिट आली होती का?”

तो चौबळांकडे बघत होता. चौबळवहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. त्याला सगळं कळलं होतं. नाही म्हणावं तर आपण खोटारडे, हो म्हणावं तर समोरची बाई त्याच्या मुलीचं एका वाक्यात वाटोळं करू शकत होती, आणि तसं केलं तर तिला कोणी नाव ठेवू शकलं नसतं.

“नाही,” तो म्हणाला.

“मग काय झालं होतं?”

“ठसका लागला होता.”

“मोठ्याने सांगा. हॉर्नमुळे मागे ऐकू जात नाही.”

मला वाटलं तो आता रडेल. रडला नाही. मान वर केली आणि अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “यांना फिट कधीच येत नव्हती. मी खोटं सांगितलं. मला दुसरीकडे लग्न करायचं होतं.”

मागचा हॉर्न थांबला. ताईने पदर सावरला. मग चौबळांकडे वळून म्हणाली, “मुलगी बापावर गेलेली नाही. निश्चिंत मनाने करा.” आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “आता गाडी मागे घ्या. इथे लावायची नाही.”

गाडी मागे घेणं सोपं नव्हतं. मागच्या मोटारीने मागे जायचं, त्यासाठी रिक्षाने मागे जायचं, आणि तोवर गल्ली तुंबलेली. फणसे स्टिअरिंगवर बसून उलटी मान करून गाडी इंच इंच मागे नेत होता आणि लोक दोन्ही बाजूंनी काचेतून त्याच्याकडे बघत होते. त्यातल्या निम्म्यांना काय झालं ते कळलेलं होतं, आणि उरलेले शेजाऱ्याला विचारत होते. संध्याकाळपर्यंत ते बदलापूरभर होणार होतं, आणि कल्याणलाही पोचणार होतं.

मला मात्र ते पुरेसं वाटलं नाही. ताईने त्याला फार स्वस्तात सोडलं, असं मी त्या दिवशी म्हटलं. ती उठली. मशीनवर जाऊन बसली आणि दिवसभर शिवत राहिली.

लग्न झालं. पण त्याआधी केतकी एकदा एकटीच आली होती. तिला सगळं कळलं होतं, घरात काय झालं असेल ते तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. ती माफी वगैरे मागत बसली नाही. लग्नाच्या साड्यांचे ब्लाउजपीस पिशवीतून काढले आणि ताईपुढे ठेवून म्हणाली, मावशी, माप घ्या. ताईने घेतलं. सगळे ब्लाउज तिनेच शिवले आणि शिलाई घेतली नाही. लग्नाला मात्र गेली नाही. म्हणाली, त्याच्या घरचं जेवण माझ्या गळ्याखाली उतरणार नाही.

पुलाचं काम रेंगाळत राहिलं आणि फणशाचा नोकरीचा काळ बाकी होता. रोज सकाळी त्याची पांढरी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायची. मेडिकलपुढे थांबायची, दुकानदार हात हलवायचा, ती पुढे जायची. मग बाजाराच्या बाजूने वळून पुन्हा यायची. कधी कधी दोन दोन फेऱ्या. एकदा टोइंगवाल्यांनी उचलून नेली, ते आम्ही अंगणातूनच पाहिलं. फाटकाजवळची जागा आम्ही कोणाला दिली नाही. विचारणारे पुष्कळ होते, डॉक्टरीणबाई तर दोनदा येऊन गेल्या. ताई नाही म्हणे.

ताई आता सकाळचा चहा बाहेर घेऊ लागली होती. पडदा मी कधीच धुऊन ठेवून दिला होता. खुर्ची व्हरांड्यात, तोंड गल्लीकडे. ती गाडी पहिल्यांदा गेली की ताई कप उचलायची.

वर्षभराने मलाच कसंतरी वाटायला लागलं. तो म्हातारा दिसू लागला होता. एका सकाळी गाडी तिसऱ्यांदा गेली, आत तो घामाघूम होऊन घड्याळ बघत होता. मी ताईला म्हटलं, बस झालं आता. केतकीचा बाप आहे शेवटी. जागा तर रिकामीच पडलीय.

ताईने गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. गाडी बाजाराकडे वळत होती.

“फिरू दे,” ती म्हणाली आणि कप माझ्यापुढे केला. “अजून अर्धा घाल.”